वॉशच्या चिखलात ठकीबरोबर

ठकीला घरी आणलं तेव्हा तिला शिकारीला न्यायचं असं काही डोक्यात नव्हतं. पोरांना कुत्रं हवं होतं, आणि बॉस्टनजवळच्या एका शेतकऱ्याकडे काळ्या लॅब्रॅडोरची पिल्लं होती. (बॉस्टन म्हणजे अमेरिकेतलं नव्हे, इंग्लंडच्या लिंकनशरमधलं, मूळचं.) पिल्लं कामाच्या वाणाची निघाली. लॅब्रॅडोरमध्ये आता दोन वाण पडलेत. एक प्रदर्शनात मिरवणारा, अंगानं भरलेला. दुसरा रानात राबणारा, सडपातळ आणि सदा काहीतरी उद्योग शोधणारा. या दुसऱ्या वाणातलं कुत्रं नुसतं घरात बसवलं तर ते सोफा खातं. आमचा खाल्ला.

शेजारचे आजोबा कुंपणावरून हे सगळं बघत होते. सत्तरी ओलांडलेला माणूस, लहानपणापासून वॉशच्या, म्हणजे इथल्या चिखलाळ समुद्री आखाताच्या, किनाऱ्यावर रानबदकांची शिकार करणारा. त्यांचं म्हातारं कुत्रं आदल्याच वर्षी गेलं होतं. नवं पिल्लू घ्यावं तर ते आपल्या मागे राहील, या विचारानं त्यांनी तो नाद सोडला होता. एक दिवस म्हणाले, कुत्री तू तयार कर, बंदूक माझी. मला बंदुकीची हौस नाही, परवानाही नाही. पण सोफा दुसरा आणला होता, आणि तो वाचवायचा होता.

पुण्यातल्या मित्रांना हे सांगितलं की पहिला प्रश्न ठरलेला: तिकडे हे चालतं? आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकार म्हणजे तुरुंगाची वाट. इंग्लंडमध्ये भरतीरेषेखाली, समुद्राच्या अंगाला, ठरावीक जातींची बदकं आणि रानटी हंस (म्हणजे गूज, राजहंस नव्हे) १ सप्टेंबर ते २० फेब्रुवारी या काळात मारता येतात. तेही उठून कुणीही जायचं नाही. किनाऱ्याचा तो तो पट्टा शिकारी क्लबांकडे असतो, सभासदत्व लागतं. शिशाचे छर्रे १९९९ पासून तिथं बंद आहेत, कारण ते चिखलात पडून राहतात, बदकं खडे समजून गिळतात आणि शिसं भिनून मरतात. आता पोलादी छर्रे वापरतात. पोलाद शिशापेक्षा हलकं, लांबवर त्याचा जोर टिकत नाही. म्हणून लांबचा पक्षी मारायचाच नाही, असा आजोबांचा दंडक. आणि पक्षी पडलाच तर तो हाती लागलाच पाहिजे. चिखलात आणि गवतात कुत्र्यावाचून तो लागत नाही. जायबंदी बदक गवतात घुसलं की माणसाच्या पायाशी असलं तरी दिसत नाही.

शिकार करावी की नाही हा वाद माझ्या घरात मिटलेला नाही, इथंही मिटवत नाही. आई गुहागरहून फोनवर म्हणते, ‘‘मेल्या, त्या मुक्या जिवाला गारठ्यात कशाला नेतोस?’’ बदकाबद्दल तिची काही तक्रार नाही.

शिक्षण सुरू झालं आणि पहिले कित्येक महिने ठकीनं जवळजवळ काहीच उचलून आणलं नाही. ती बसायची. मी कॅनव्हासचा डमी, म्हणजे पक्ष्याऐवजी वापरायची गुंडाळी, फेकायचा, आणि मीच जाऊन उचलून आणायचा. पाऊण-एक तास हेच. पोरं हसून लोळायची: कुत्री बसलीय आणि बाबा धावतोय. आजोबांचं म्हणणं असं की आणणं हे लॅब्रॅडोरच्या रक्तातच आहे, त्याला शिक्षक नको. पडलेली प्रत्येक वस्तू आपली नसते, हे मात्र रक्तात नसतं. दहातल्या आठ वेळा तिनं नुसतं बघायचं, तेव्हा कुठं उरलेल्या दोन वेळा ती आपल्या शब्दावर सुटते.

सोडायचा शब्द म्हणजे तिचं नाव. ‘‘ठकी’’ म्हटलं की ती बाणासारखी सुटणार. त्यामुळे घरात तिला नावानं हाक मारायला बंदी आली. पोरं तिला ‘‘ए बाय’’ म्हणतात. आजोबांना ठ जमत नाही, ते ‘‘टकी’’ म्हणतात. ती त्यालाही सुटते.

शिट्टी अ‍ॅक्मीची, २११½ नंबरची. नंबर महत्त्वाचा, कारण त्या नंबरच्या प्रत्येक शिट्टीचा सूर एकच. चिखलात पडून हरवली तर दुसरी आणली की कुत्र्याला फरक कळत नाही. एक लांब फुंक म्हणजे असशील तिथं बस आणि माझ्याकडे बघ. तुटक-तुटक म्हणजे परत ये. जमिनीवर हे लवकर जमलं. पाण्यात कुत्रं बसणार कसं? तर ते वळतं, जागच्या जागी पाय मारत तोंड आपल्याकडे करतं. ठकीनं हे पहिल्यांदा केलं तो क्षण मला अजून आठवतो. काळं डोकं, दोन कान पाण्यावर टेकलेले, आणि आता काय, असा चेहरा.

पाण्याची सुरुवात मे-जूनमध्ये, उबदार उथळ तळ्यात. मी वेडर (पाण्यात उतरायचे उंच रबरी बूट) घालून आधी आत गेलो, ती मागून आली. ढकलणं नाही, ओढणं नाही. काठावरून लांब उडी घेणारी कुत्री फोटोत झकास दिसतात. आजोबांना मात्र तसली उडी बघवत नाही. पाण्याखाली खुंट असतात, जुन्या कुंपणाची काटेरी तार असते. चालत जावं, तळ लागेनासा झाला की पोहावं. त्यानंतर इथल्या सपाट शेतांतले पाण्याचे कालवे. त्यांचे काठ इतके उभे की आत जाणं सोपं आणि बाहेर येणं अवघड. तोंडात डमी धरून, मागच्या पायांना निसरडी माती, असं चढायला ती पुष्कळ दिवस शिकत होती.

मग अंग झाडण्याचा प्रश्न. पाण्यातून आल्याबरोबर कुत्रं अंग झाडतं आणि झाडताना तोंडातलं खाली टाकतं. डमी असेल तर बिघडत नाही. जिवंत बदक असेल तर ते पुन्हा पाण्यात बुडी मारतं आणि मग सापडत नाही. म्हणून मी पाण्याच्या अगदी कडेला वाकून उभा राहायचो, तिचे पुढचे पाय जमिनीला लागताच हनुवटीखाली हात घालून डमी घ्यायचो, आणि मग ती झाडून घ्यायची. सगळं माझ्या तोंडावर.

चिखल मुद्दाम शेवटी ठेवला. दीड वर्षाची होईपर्यंत तिला गाळात नेलंच नाही. मोठ्या हाडापेराच्या कुत्र्याचे सांधे उशिरा भरतात, आणि या जातीत खुब्याचं दुखणं वारशानं येतं. पहिल्यांदा रेंद्यात पाय पडला तेव्हा ती घाबरली. चारही पायांनी उड्या मारायला लागली, प्रत्येक उडीला छातीपर्यंत आत, आणि बघता बघता धापा टाकत बसली. मी काही बोललो नाही. घट्ट जागेवरून हळूहळू चालत राहिलो, तशी ती मागून आली. पुढंपुढं तिचं तिलाच उमगलं: अंग खाली, बोटं फाकवलेली, पावलं आखूड आणि भराभर, मध्ये थांबणं नाही. लॅब्रॅडोरच्या बोटांमध्ये कातडी असते, ती पोहण्यापेक्षा मला इथं जास्त उपयोगाची वाटते.

माझं स्वतःचं शिक्षण मात्र आयतं झालेलं होतं. लहानपणी आबांबरोबर ओहोटीला खाडीत तिसऱ्या (खायच्या शिंपल्या) काढायला जायचो. घोट्याभर गाळात बिनधास्त चालावं, पोटरीभर असेल तर न थांबता चालावं, गुडघाभर लागला की मागं फिरावं. पाय अडकला तर वर उपसायचा नाही. टाच हलवून बाजूनं पाणी-हवा शिरू द्यायची, मागं रेलायचं आणि एकेक पाय मोकळा करायचा. आजोबांनी पहिल्या दिवशी मला हे सगळं समजावून सांगायला सुरुवात केली आणि मी त्यांचं पुढचं वाक्य पुरं केलं. तेव्हापासून त्यांनी मला काठी कुठं टेकवायची एवढंच सांगितलं.

पण वॉश म्हणजे आमची खाडी नव्हे. विथम, वेलंड, नीन आणि ग्रेट ऊझ या चार नद्या एका चौकोनी आखातात उतरतात आणि त्यांचा सगळा गाळ तिथं पसरतो. १२१६ च्या ऑक्टोबरात जॉन राजाचं सामानसुमान आणि जडजवाहीर याच चिखलात भरतीनं गिळलं, ते आजतागायत सापडलेलं नाही. उधाणाला पाणी साडेसहा-सात मीटर चढतं-उतरतं. रत्नागिरीकडे त्याच्या निम्मंही नाही. किनाऱ्यालगत खारं गवत, त्यात साप गेल्यासारखे वळणावळणाचे चर, आणि त्यापलीकडे नजर पोहोचेल तिथवर गाळ. जमिनीच्या बाजूला मातीचा उंच समुद्रबांध. आपल्या खारबंदिस्तीचाच मोठा भाऊ. १९५३ च्या ३१ जानेवारीला समुद्रानं या किनाऱ्यावरचे बांध फोडले होते, आणि ५ डिसेंबर २०१३ ला बॉस्टन गावात, थेट मोठ्या चर्चमध्ये पाणी शिरलं होतं.

इथं भरती समोरून येत नाही. आधी चर भरतात, तेही आपल्या पाठीमागचे. समोर कोरडा गाळ दिसत असतो, आणि परतीच्या वाटेवर छातीभर पाणी झालेलं असतं. वारा समुद्राकडून असेल आणि हवेचा दाब उतरला असेल तर तक्त्यातल्या आकड्यापेक्षा पाणी जास्त चढतं. एक मिलिबार दाब कमी झाला की पाणी साधारण एक सेंटिमीटर वर, असा ठोकताळा. आबांना हे सगळं सांगितलं तर त्यांचा प्रश्न एकच: ‘‘आज तिथी कुठली?’’ त्यांचं गणित म्हणजे तिथी गुणिले पाऊण, तितक्या वाजता भरती पूर्ण. वॉशमध्ये त्यात सहा-एक तास मिळवावे लागतात, मग उत्तर बरंच जवळ येतं. अमावास्या-पौर्णिमेला इथं सकाळ-संध्याकाळ पाणी तुडुंब असतं, आणि अष्टमीच्या भांगाला, म्हणजे लहान भरतीला, दुपारी. आबा खूश झाले. मी तरी छापील तक्ताच खिशात ठेवतो.

जानेवारीतली एक पहाट सांगतो, कारण त्या एका पहाटेत सगळं आलं. भरती पावणेपाचच्या सुमाराला होऊन गेली होती, म्हणजे उजेड होईल तेव्हा ओहोटी भर जोरात. आम्ही अंधारात बांध उतरलो. आजोबा पुढं, काठीनं चाचपत. मी मागं, ठकी माझ्या डाव्या पायाला चिकटून. चराच्या उंच कडेला राखाडी पानांची खुरटी झुडपं असतात. ती जिथं असतात तिथं काठ निचऱ्याचा आणि घट्ट; ती संपली की पाय जपून. त्या झुडपांच्या आडोशाला आम्ही बसलो. चिखलाला गंधकाचा उग्र वास. ठकीखाली मी गोणपाट अंथरतो, ओल्या गाळावर पोट टेकवून तासभर बसलं की कुत्र्यातली ऊब निघून जाते.

सात-सव्वासातला विजन बदकं आली. ती दिसण्याआधी ऐकू येतात, नर लांब शीळ घालतात. त्यांच्याबरोबर थोडी तलवार बदकंही होती, तीच जी हिवाळ्यात नांदूरमध्यमेश्वरला उतरतात. आजोबांनी दोन बार काढले. एक विजन चराच्या पलीकडे गाळावर सरळ मेलेलं पडलं. ठकीनं ते डोळ्यांनी पाहिलं. दुसऱ्याचा पंख मोडला होता, ते आमच्या अलीकडेच, डावीकडे मागच्या झुडपांत उतरलं. ते तिनं पाहिलेलं नव्हतं.

जायबंदी आधी, मेलेलं नंतर, हा पहिला नियम. मेलेलं कुठं जात नाही आणि त्याला काही दुखतही नाही. मी तिला डावीकडे तोंड करून बसवलं, हातानं दिशा दाखवली आणि नाव घेतलं. ती सुटली, चार-पाच ढांगा नीट गेली, आणि मग उजवीकडे वळायला लागली. साहजिकच होतं, तिकडचं तिला माहीत होतं. मी लांब शिट्टी दिली. ती बसली. पोटापर्यंत रेंद्यात, पण बसली, आणि वळून माझ्याकडे बघितलं. मी डावा हात आडवा केला. तिनं एकदा उजवीकडे नजर टाकली, अगदी उघड नाराजीनं, आणि डावीकडे गेली. उन्हाळाभर तळ्याकाठी पोरांचं हसू सोसून जे केलं ते एवढ्यासाठी. झुडपांपाशी तिचं नाक खाली गेलं, शेपूट गरगरायला लागलं. विजन बाहेर पडलं आणि चराच्या दिशेनं पळत सुटलं. अगदी कडेवर तिनं ते धरलं. हातात आलं तेव्हा एक पीससुद्धा चुरगळलेलं नव्हतं. आजोबांनी ते लगेच शांत केलं.

पलीकडच्या विजनसाठी मी तिला पाठवलं नाही. चर फार रुंद नव्हता, पण ओहोटीचं पाणी त्यातून घोंघावत समुद्राकडे निघालं होतं, आणि पलीकडचा काठ ताज्या ढासळलेल्या गाळाचा, उभा. तिथं तिला चढता आलं नसतं. ती वाहत खालच्या वळणावर गेली असती, तिथून मोठ्या प्रवाहात. बसून राहिलो. आजोबांनी थर्मासमधला चहा काढला. एवढ्यात आणखी एक थवा आला, त्यांचा एक बार, आणि तिसरं विजन थेट मोठ्या प्रवाहात पडलं. मेलेलं होतं, पांढरं पोट वर करून वाहत निघालं.

ठकीनं तेही पाहिलं. ती कुंई-कुंई करायला लागली, सगळं अंग थरथरत होतं. थंडीनं थरथरतंय की उतावीळपणानं, हे ओळखावं लागतं. मी कानाच्या मुळाशी आणि काखेत हात घालून बघतो. काख गरम असेल आणि डोळे सावजावर खिळलेले असतील तर तो उतावीळपणा. थंडी लागलेलं कुत्रं पाठ कमानीसारखी करतं, पाय जवळ घेतं, हाकेला उशिरा वळतं. आणि थरथर अचानक थांबली पण कुत्रं मलूल झालं, तर शिकार तिथंच संपवायची आणि धावत गाडी गाठायची. तिची काख गरम होती. मी पट्टा घातला आणि तो पक्षी जाऊ दिला. आजोबांनी दुर्बिणीतून तो दिसेनासा होईपर्यंत पाहिला, मग बंदुकीतली काडतुसं काढून खिशात टाकली. तीन पाडायचे असं ठरवून आले होते. तिसरा हाती लागला नाही तरी हिशेबात धरायचा, ही त्यांची रीत.

पाणी उतरल्यावर चर घोट्याभर राहिला, तेव्हा ठकी टुणकन जाऊन पलीकडचं विजन घेऊन आली. यात कौतुक करण्यासारखं काही नव्हतं, तिनंही केलं नाही. प्रवाहाच्या तोंडाकडे बघून यावं म्हणून घट्ट वाळूवरून थोडं पुढं गेलो. तिसरं एका वाळूच्या पट्टीवर लागलं होतं आणि मोठा काळ्या पाठीचा कुरव त्यावर बसला होता. पंख तेवढे शिल्लक होते.

गाडीपाशी आल्यावरचं काम लोक सांगत नाहीत, आणि वेळ सगळा तिथंच जातो. गोड्या पाण्याचा कॅन घरून न्यावा लागतो. चिखलात फिरलेलं कुत्रं तहानेनं खारं पाणी पितं आणि मग ओकारी-जुलाब. आधी प्यायला द्यायचं, मग अंग धुवायचं. डोळ्यांच्या कडांचा गाळ ओल्या कापसानं, बोटांच्या बेचक्यातले शिंपल्यांचे तुकडे नखानं. मीठ केसांत राहिलं तर कातडी खाजते. कान आतून कोरडे. मग टॉवेलचा झगा, आणि जेवण पुरता दम खाऊन झाल्यावरच. उंदरांच्या मुतानं पसरणाऱ्या लेप्टोची लस दरवर्षी द्यायची, ती चुकवून चालत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ठकीचं शेपूट लोंबत होतं. मुळापासून दोन बोटं सरळ, पुढं एकदम मेलेल्या दोरीगत. बसताना कण्हायची. पोरांना वाटलं मोडलं. आजोबांनी कुंपणावरूनच निदान केलं, पशुवैद्य बाईंनी दुजोरा दिला: गार पाण्यात पोहून आणि दमून शेपटीच्या मुळाचे स्नायू दुखावतात, कामाच्या लॅब्रॅडोरमध्ये नेहमीचं. एडिंबरा विद्यापीठाच्या २०१६ च्या अभ्यासात पोहणारी आणि उत्तरेकडच्या थंड भागात राहणारी लॅब्रॅडोर याला जास्त बळी पडतात असं दिसलं होतं. सूज उतरायचं औषध आणि सक्तीची विश्रांती. काही दिवसांत शेपूट पुन्हा चहाचे कप पाडायला लागलं. निओप्रीनचं जाकीट मात्र आणलं. ऊब राहते, पोहताना अंग तरंगतं. पण ते मापाचं हवं, नाहीतर काखेत घासून सालपट निघतं. काटेरी झुडपांच्या बाजूला काम असेल तर मी ते काढून ठेवतो.

त्या तिसऱ्या पक्ष्यापाशी तिचं जे कुंई-कुंई झालं ते मला आवडलं नाही. चरात शांत बसलेल्या माणसाच्या शेजारी कुत्रं आवाज करायला लागलं की ती सवय जडते. म्हणून या उन्हाळ्यात वाहत्या पाण्यावरच काम चाललंय. गावाबाहेरच्या कालव्यावर मी डमी मधोमध फेकतो, तो वाहत जातो, आणि ठकीनं तोंड न उघडता तो जाताना बघायचा. पोरं खालच्या पुलाखाली मासे धरायचं जाळं घेऊन उभी असतात आणि आलेला प्रत्येक डमी ओरडून जाहीर करतात. नाव घेऊन ओरडायचं नाही, एवढंच बजावलंय.